नेट चालू, व्हिडिओ चालू, मग चॅटच का तुटते?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सपोर्ट टीमची चॅट ब्राउझरमध्ये चालते. काही जण मालाडच्या ऑफिसात बसतात, काही डोंबिवली-विरारहून घरून काम करतात. शिफ्टमध्ये अनेकदा वर ‘रीकनेक्टिंग’ची पिवळी पट्टी येते. कधी पाच-दहा सेकंदांत परत जुळतं, कधी तोवर ग्राहक दुसऱ्या एजंटकडे गेलेला असतो आणि डॅशबोर्डवर तुमचा माणूस ‘अवे’ दिसतो. सॉफ्टवेअरवाले म्हणतात तुमचं नेटवर्क खराब आहे, नेटवाला म्हणतो लाइन क्लीन आहे, आणि मॅनेजर म्हणतात पोरं मुद्दाम करतायत. स्पीड टेस्ट शंभरच्या वर येते, यूट्यूब अडखळत नाही. मग दुसरी लाइन घ्यावी का, असा तुमचा प्रश्न.

दुसऱ्या लाइनची घाई करू नका. तुम्हाला नेट कमी पडत नाहीये. चॅट तुटते तेव्हा ती कुठे तुटली याचा पुरावा कुणाकडेच नाही, म्हणून तिघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात, ही खरी अडचण आहे. अशा टीम्सची चॅट आणि नेटवर्क सांभाळणं हेच माझं काम. ‘किती वेळा तुटली’ हे सोडून ‘किती वेळ शांत राहिल्यावर तुटली’ असं विचारायला लागलं की बरीचशी प्रकरणं तिथेच उलगडतात. तुमचं सॉफ्टवेअर कोणतं, ते भाड्याचं आहे की कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, लॅपटॉपवर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कमध्ये नेणारी बंदिस्त वाट) आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. त्यामुळे मी शोधायची पद्धत सांगतो. जिथे उत्तर बदलू शकतं तिथे तसं म्हणेन.

आधी यूट्यूबचं कोडं. व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी येतो आणि पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. मध्ये लाइन चार सेकंद गेली तरी बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. स्पीड टेस्ट तर अर्ध्या मिनिटाचा खेळ. चॅटचं तसं नसतं. बहुतेक चॅट सॉफ्टवेअर वेबसॉकेट वापरतात. हे मानक २०११ सालचं. ब्राउझर नेहमीसारखीच एक विनंती पाठवतो, सर्व्हर ‘१०१’ असं उत्तर देतो, आणि तिथून पुढे तीच एक जोडणी तासन्‌तास उघडी ठेवायची असते. तिच्यातून डेटा फार थोडा जातो. म्हणून चॅटसाठी दहा एमबीपीएसची स्थिर लाइन शंभरच्या डळमळीत लाइनपेक्षा केव्हाही बरी.

शिवाय ही जोडणी थेट नसते. घरचा राउटर, एकच पत्ता अनेक घरांत वाटणारी नेटवाल्याची यंत्रणा, ऑफिसचा फायरवॉल म्हणजे ये-जा तपासणारा पहारेकरी, व्हीपीएन, पलीकडे येणारी गर्दी अनेक सर्व्हरांत वाटणारा सॉफ्टवेअरवाल्यांचा लोड बॅलन्सर, हे सगळे मध्ये बसलेले असतात आणि प्रत्येक जण या जोडणीची एक नोंद ठेवतो. काही वेळ त्यातून काहीच गेलं नाही की ती नोंद पुसली जाते. पुसताना दोन्ही टोकांना कळवलं जाईलच असं नाही. एजंटच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका तसाच असतो, तिकडे ग्राहक ‘हॅलो? आर यू देअर?’ टाइप करत असतो, आणि मधला रस्ता केव्हाच बंद झालेला असतो. लिनक्स सर्व्हरवर टीसीपीची, म्हणजे या जोडणीखालच्या मूळ यंत्रणेची, स्वतःची विचारपूस चालू केली, तरी डीफॉल्टने ती दोन तासांच्या शांततेनंतर सुरू होते. तिच्या भरवशावर चॅट चालवता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर स्वतःच दर थोड्या सेकंदांनी एक बारीकसा ‘आहेस का?’ पाठवत राहतं. त्याला हार्टबीट म्हणतात. तुमचं प्रकरण बहुधा याच हार्टबीटपाशी येऊन थांबेल.

उद्यापासून दोन-तीन दिवस एक साधी शीट ठेवा. पट्टी आली की एजंटने एक ओळ भरायची: सेकंदासकट वेळ, घर की ऑफिस, वायफाय की वायर, चॅटचा टॅब समोर होता की मागे, त्या क्षणी बोलणं चालू होतं की शांतता होती, आणि परत जुळायला अंदाजे किती वेळ लागला. पोरं कंटाळा करतील. शीट जमत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता ‘तुटली, टॅब मागे’ एवढा मेसेज टाकायला सांगा. वेळ आपोआप नोंदली जाते, आणि दोघांचे मेसेज एकाच मिनिटाला आले की ते लगेच दिसतं.

मग ती शीट वेळेच्या क्रमाने लावा आणि नुसती बघा. घरची आणि ऑफिसची माणसं एकाच क्षणी तुटत असतील तर एजंटच्या नेटचा विषयच संपला, गडबड सॉफ्टवेअरवाल्यांच्या सर्व्हरवर आहे किंवा सगळे ज्या व्हीपीएनमधून जातात तिथे. फक्त ऑफिसवाले एकदम तुटले तर ऑफिसची लाइन किंवा फायरवॉल. एकच माणूस पुन्हा पुन्हा तुटत असेल तर त्याचं घर, त्याचा लॅपटॉप. लॉगिन केल्यापासून ठरावीक वेळाने, म्हणजे बोलणं चालू असो वा नसो बरोबर तासाने किंवा आठ तासांनी तुटत असेल, तर नेटवर्कला दोष देण्यात अर्थ नाही. तिथे लॉगिनचं टोकन, म्हणजे ठरावीक वेळेपुरता दिलेला पास, किंवा व्हीपीएनचं सत्र संपतंय. हे कॉन्फिगरेशनचं काम आहे आणि ते एका ईमेलवर सुटायला हवं.

आणि शांततेनंतर ठरावीक सेकंदांनी तुटत असेल, तर तो आकडा फार बोलका असतो. सर्व्हरच्या पुढे बसून विनंत्या आत पाठवणाऱ्या एन्जिनेक्स प्रॉक्सीचा वाचनाचा टाइमआउट डीफॉल्टने ६० सेकंद असतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधला अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरही डीफॉल्टने ६० सेकंदांच्या शांततेनंतर जोडणी सोडतो, त्यांचाच नेटवर्क लोड बॅलन्सर ३५० सेकंदांनी, आणि अ‍ॅझ्युअरचा ४ मिनिटांनी. हे आकडे बदलता येतात, पण पुष्कळ ठिकाणी कुणी बदललेले नसतात. तुमच्या शीटमध्ये ६० किंवा ३५० च्या आसपासचे आकडे पुन्हा पुन्हा आले, तर कुणाच्या दारात जायचं हे जवळपास ठरलं.

हे सेकंद मोजायचे कसे? एका एजंटच्या मशीनवर क्रोममध्ये चॅटचा टॅब उघडून एफ-१२ दाबा, नेटवर्क विभागात जा, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा, फिल्टरमध्ये सॉकेटवाला पर्याय निवडा आणि पान एकदा रीफ्रेश करा. एक ओळ दिसेल, स्टेटस १०१. तिच्यावर क्लिक करून ‘मेसेजेस’ उघडलं की आत-बाहेर जाणारा प्रत्येक संदेश वेळेसकट दिसतो. खूणही सोपी आहे: बाहेर जाणारा संदेश वर बाण, आत येणारा खाली बाण. हे खिडकीत उघडं ठेवून एजंटला काम करू द्या.

समजा शेवटचा संदेश ११:४२:०७ चा आहे आणि जोडणी ११:४३:०७ ला बंद झाली. बरोबर ६० सेकंद. यातून दोन गोष्टी एकदम कळतात. एक, मध्ये कुणीतरी ६० सेकंदांची मर्यादा लावून बसलंय. दुसरी जास्त महत्त्वाची: त्या ६० सेकंदांत हार्टबीट गेलाच नाही. तो दर २५-३० सेकंदांनी जात असता तर ६० ची मर्यादा कधी आडवी आली नसती. म्हणजे एक तर सॉफ्टवेअरमध्ये हार्टबीट नाही, किंवा आहे पण कुणीतरी त्याचा गळा दाबतंय. एक लक्षात ठेवा: काही सॉफ्टवेअर हार्टबीटसाठी वेबसॉकेटच्या आतलेच, प्रोटोकॉलच्या पातळीवरचे पिंग-पाँग वापरतात आणि ते या यादीत दिसत नाहीत. त्यामुळे यादी रिकामी आहे म्हणून हार्टबीट नाहीच असा निष्कर्ष लगेच काढू नका, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारून घ्या.

गळा दाबणारा बऱ्याचदा खुद्द ब्राउझर असतो, आणि हे सपोर्टच्या कामात जितकं घडतं तितकं दुसरीकडे घडत नाही. तुमच्या एजंटचा स्क्रीन आठवा. ग्राहकांच्या नोंदींचं सीआरएम, ऑर्डरची शीट, कुरिअर ट्रॅकिंग, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब. चॅटचा टॅब मागे पडलेला आणि माणूस ‘टिंग’ वाजण्याची वाट बघतोय. क्रोमने ८८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२१ पासून, मागच्या टॅबना चिमटा लावलाय: टॅब पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेला असेल आणि त्यातून आवाज येत नसेल, तर त्या पानातले पुन्हा पुन्हा वाजणारे टायमर मिनिटातून एकदाच चालतात. व्हिडिओ कॉलवाल्या पानांना यातून सूट आहे. नुसत्या वेबसॉकेटला नाही.

आता गणित करा. पान दर २५ सेकंदांनी हार्टबीट पाठवतंय आणि सर्व्हर ४५ सेकंद वाट बघून जोडणी मेली असं समजतो. तीन वाजून दहा मिनिटांनी एजंट चॅटचा टॅब सोडून शीटमध्ये गेला. सव्वातीनपर्यंत सगळं ठीक. मग टायमर मिनिटावर गेला, ४५ सेकंद उलटले, सर्व्हरने कापलं. पुढे आणखी एक गंमत: जोडणी तुटल्याचं पानाला लगेच कळतं, पण काही सॉफ्टवेअरमध्ये ‘तुटली असेल तर परत जोड’ हेसुद्धा दर दोन सेकंदांनी पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या टायमरवरच लिहिलेलं असतं. तसं असेल तर तोही मिनिटाच्या रांगेत जाऊन बसतो. दोन सेकंदांत जुळायला हवं ते मिनिटभर जुळत नाही, आणि तेवढ्यात ग्राहक दुसऱ्याकडे जातो. शीटमध्ये ‘टॅब मागे’ असलेल्या ओळी टॅब सोडल्यावर साधारण पाच-सहा मिनिटांनी येत असतील तर हेच चाललंय असं धरून चाला.

यामुळेच गर्दीच्या वेळी चॅट नीट चालते आणि दुपारी निवांत असताना तुटते. गर्दीत एजंट सारखा टॅबवर येत-जात असतो, टिंग वाजत असते, जोडणीतून काहीतरी जात असतं. दुपारी शांतता पसरते. ‘काम नसतं तेव्हाच तुमचं नेट कसं जातं?’ हा मॅनेजरांचा संशय इथूनच जन्माला येतो, आणि त्याला हे साधं तांत्रिक उत्तर आहे.

खरा उपाय सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या हातात आहे. हार्टबीट पानाने पाठवायच्या ऐवजी सर्व्हरने पाठवायचा आणि पानाने फक्त उत्तर द्यायचं. आलेल्या संदेशाला उत्तर द्यायला टायमर लागत नाही, त्यामुळे चिमटा आड येत नाही. सॉकेट-आयओ या बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीने तिसऱ्या आवृत्तीत नेमकी हीच दिशा उलटी केली, कारण ब्राउझरचे टायमर भरवशाचे राहिले नव्हते. तुमचं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवर असेल तर सॉफ्टवेअरवाल्यांना हे थेट विचारा. तोवर तुमच्या हातातला उपाय: चॅट वेगळ्या विंडोत काढा आणि ती दिसती ठेवा. एक खाच आहे. विंडो दुसऱ्या विंडोने पूर्ण झाकली गेली तरी क्रोम तिला लपलेलीच धरतो, म्हणून निदान एक पट्टी उघडी राहू द्या. दुसरा मॉनिटर असेल तर प्रश्नच मिटला. लॅपटॉप कंपनीचे असतील तर क्रोमचं हे ‘इंटेन्सिव्ह वेकअप थ्रॉटलिंग’ धोरण म्हणून बंद करता येतं. ते काम आयटीचं, एजंटचं नाही.

टॅबच टाकून देणं ही वेगळी भानगड. एजचे स्लीपिंग टॅब्ज बराच वेळ न वापरलेला टॅब झोपवतात आणि पानातलं काम थांबतं. क्रोमचं मेमरी सेव्हर तर तो मेमरीतून काढूनच टाकतं, आणि क्लिक केल्यावर पान पहिल्यापासून लोड होतं. एजंट म्हणतो ‘मी टॅबवर आलो आणि रीफ्रेश झालं’, ते हेच. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्सखाली ‘नेहमी चालू ठेवायच्या साइट्स’ची यादी असते, एजमध्येही तशीच असते. चॅटचा पत्ता त्यात घाला. नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साइटचा टॅब क्रोम सहसा टाकत नाही, म्हणून कुणी वैतागून ‘ब्लॉक’ दाबलं असेल तर तेही तपासा. पण या यादीने वरचा टायमरचा चिमटा निघत नाही, दोन्ही वेगवेगळं सांभाळावं लागतं. आणि लॅपटॉप झोपला तर यातलं काहीच वाचवत नाही. स्क्रीन लॉक झाला तर चालतं, स्लीप झाला की संपलं. शिफ्टमध्ये चार्जर लावून स्लीप बंद ठेवायचा, डब्याच्या सुट्टीत झाकण मिटायचं नाही.

आता घरची मंडळी. इथे एकच चाचणी मी सगळ्यांत आधी करायला सांगतो: राउटरला वायर लावा आणि एक शिफ्ट वायरवर करा. शंभर-दोनशे रुपयांची लॅन केबल बऱ्याच वादांचा निकाल लावते. वायरवर तुटणं थांबलं तर लाइनचा दोष नाही, वायफायचा आहे. आपल्याकडच्या इमारतींत वायफायची यादी उघडली की अख्खी विंग दिसते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यात सगळे शेजारी कोंबलेले. शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झवर जा, फक्त तो भिंतींतून कमी जातो, त्यामुळे हॉलमधल्या राउटरवरून आतल्या खोलीत काम करणाऱ्याला तो पुरेलच असं नाही.

वायर लावणं शक्यच नसेल तर विंडोजवर दोन कमांड विंडो शेजारी-शेजारी उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारून उत्तराला किती वेळ लागतो ते दाखवणारी कमांड, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, आणि दुसरीत बाहेरच्या ८.८.८.८ ला. पट्टी आली त्या क्षणी दोन्हीकडे बघा. राउटरचं पिंगच अडखळलं तर दोष घरातला. राउटर व्यवस्थित आणि बाहेरचं गेलं तर नेटवाल्याकडचा, आणि आता त्याला दाखवायला तुमच्याकडे स्क्रीनशॉट आहे. दोन्ही व्यवस्थित चालू आणि तरी चॅट तुटली, तर घराचा पिच्छा सोडा, वरच्या परिच्छेदांकडे परत या. ब्राउझरच्या किंवा विंडोजच्या ‘कनेक्टेड’ या चिन्हावर जाऊ नका. चॅटची जोडणी जिवंत आहे की नाही हे ते सांगत नाही.

विंडोज स्वतःही वायफायची डायरी ठेवतं. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटश, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट हे चार शब्द इंग्रजीत टाइप केले की गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी सुटलं आणि कारण काय, याचा अहवाल तयार होतो. एजंटची शीट आणि हा अहवाल शेजारी ठेवा. याच वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय अ‍ॅडाप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटखाली ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’वरची टिक काढून टाका.

पावसाळ्यात एक प्रकार वाढतो. लाइट नुसती झपकन जाऊन येते. लॅपटॉपला बॅटरी असते, त्याला काही होत नाही, पण फायबरचा डबा आणि राउटर रीस्टार्ट होतात आणि त्यात दोन-तीन मिनिटं जातात. या दोघांना पुरेल असा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो घ्या. तरीही तुटत राहिलं तर खाली डक्टमध्ये किंवा गच्चीवर केबलवाल्याचा जो स्विच असतो तो बघायला सांगा. पुष्कळ इमारतींत तो सोसायटीच्या मीटरवर असतो आणि त्याला बॅटरी नसते. तुमच्या घरात लाइट आहे आणि जिन्यातली गेलीय, अशा वेळी नेट जात असेल तर चोर सापडला.

ऑफिसच्या बाजूला तुमचा दुसऱ्या लाइनचा प्रश्न येतो. दोन लाइन घेऊन राउटरवर ‘लोड बॅलन्सिंग’ चालू केलं की काही वेळा परिस्थिती आणखी बिघडते. उघडी जोडणी एका लाइनवर असते. त्या लाइनने जरा मान टाकली की राउटर सगळ्यांना दुसरीवर ढकलतो, बाहेरून दिसणारा पत्ता बदलतो आणि सगळ्यांच्या जोडण्या एकदम तुटतात. सॉफ्टवेअर लॉगिन पत्त्याशी बांधत असेल तर परत पासवर्डही मागतं. दुसरी लाइन घ्यायचीच तर ती निव्वळ राखीव ठेवा, वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या वाटेने इमारतीत येणारी. एकाच डक्टमधून आलेल्या दोन केबल एकाच खोदकामात तुटतात.

आयटीवाल्यांना ‘नेट बघा’ असं सांगून काही होत नाही, नेमकं मागा. चॅटच्या पत्त्यांना एचटीटीपीएस तपासणीतून वगळा, कारण मध्ये उघडून बघणारी काही उपकरणं आणि अँटिव्हायरस वेबसॉकेट नीट पुढे पाठवत नाहीत. त्या पत्त्यांसाठी शांत जोडणीची मर्यादा वाढवा. व्हीपीएन असेल तर चॅटची वाहतूक त्याच्या बाहेरून थेट जाऊ द्या. शेवटच्या मागणीला सुरक्षेच्या कारणाने नकार येऊ शकतो आणि तो रास्तही असू शकतो. मग निदान व्हीपीएनचं सत्र शिफ्टच्या मध्यात संपणार नाही एवढं बघा.

सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलताना बंद होण्याचा कोड हातात असू द्या. तो ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एफ-१२ दाबल्यावरचाच एक विभाग) किंवा त्यांच्या स्वतःच्या लॉगमध्ये मिळतो. १००० म्हणजे रीतसर बंद. १००१ म्हणजे पान किंवा सर्व्हर निघून चाललाय. १००८ म्हणजे नियमात बसलं नाही, इथे टोकन संपलंय का बघा. १०११ म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी फाटलंय, १०१२ म्हणजे सर्व्हर रीस्टार्ट होतोय. तुम्हाला बहुतेक वेळा १००६ दिसेल, आणि ते म्हणतील ‘१००६ म्हणजे तुमच्या नेटवर्कचा दोष’. हे मान्य करू नका. १००६ हा कोड कुणीच पाठवत नाही. ‘ठेवतो हं’ न म्हणता फोन कट झाला की आपण जसं समजतो, तशी ब्राउझरने स्वतःशी केलेली ती नोंद आहे. वायफाय गेलं तरी १००६, त्यांचा सर्व्हर कोसळला तरी १००६, त्यांच्या लोड बॅलन्सरने ६० सेकंदांनी कापलं तरी बहुधा १००६च. दोषी कोण हे त्या कोडवरून ठरत नाही, त्याआधीच्या शांततेवरून ठरतं. म्हणून तर सेकंद मोजायला सांगितले.

त्यांना विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. हार्टबीट कोण पाठवतं, किती सेकंदांनी? लोड बॅलन्सरची शांततेची मर्यादा किती? नवी आवृत्ती कधी चढवता, आणि तेव्हा सगळे एजंट एकाच सेकंदाला परत जोडायला धावतात की थोडे मागेपुढे? तुटलेल्या वेळात आलेले ग्राहकाचे मेसेज परत जुळल्यावर दिसतात का? आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा प्रश्न: एजंटची जोडणी गेल्यावर ग्राहकाला दुसऱ्याकडे पाठवण्याआधी किती वेळ थांबता?

या शेवटच्या प्रश्नावर जरा रेंगाळतो, कारण तुमच्या त्रासाचा मोठा भाग तुटण्यातून येतच नाही. मुंबईतल्या घराघरांतून चालणाऱ्या जोडण्या अधूनमधून तुटणारच, त्या शून्यावर आणणं कुणाच्या बापाला शक्य नाही. दहा सेकंदांच्या तुटण्याने ग्राहक हातचा जातो, कारण सॉफ्टवेअर लगेच घाई करतं. बऱ्याच ठिकाणी ही वेळ सेटिंगमध्ये बदलता येते. मी साधारण एक ते दीड मिनिट ठेवायला सांगतो. ग्राहक तेवढा थांबतो, त्याला पलीकडे काही झालंय हे कळतही नाही. तातडीच्या कामात, म्हणजे पेमेंट अडकलंय, कार्ड ब्लॉक करायचंय अशा रांगांना हे चालणार नाही, तिथे कमी ठेवा. एवढ्या एका बदलाने टीमची कुरकुर बरीच खाली येते, वायर एकही न हलवता.

मॅनेजरांच्या संशयाबद्दलही बोलू. मुद्दाम वायफाय बंद करणारा एखादा असतो, नाही असं नाही. पण त्याचाही ठसा शीटमध्ये उमटतो: नवी चॅट वाट्याला आली की लगेच तुटणं, राउटरचं पिंगही त्याच क्षणी जाणं, आणि हे फक्त त्याच्याच बाबतीत होणं. बाकीच्यांच्या ओळी शांततेनंतर ठरावीक सेकंदांच्या असतील तर त्यांना ‘अवे’च्या मिनिटांवरून बोलणं अन्यायाचं आहे. तपास चालू असेपर्यंत ती मिनिटं कामगिरीत धरू नका असं लेखी मागून घ्या.

लॉग सॉफ्टवेअरवाल्यांना किंवा इथे पाठवायची वेळ आली तर सांभाळून. नेटवर्क विभागातून काढलेल्या फाइलमध्ये लॉगिनच्या कुकी असू शकतात, आणि संदेशांमध्ये ग्राहकांची नावं, फोन नंबर, ऑर्डर असतात. पाठवण्याआधी ते काढून टाका आणि त्या एजंटला एकदा लॉगआउट-लॉगिन करायला लावा. इथे मला तर तेवढंही नको. बंद होण्याचा कोड, शेवटच्या संदेशाची आणि तुटण्याची वेळ, आणि टॅब समोर होता की मागे, अशा आठ-दहा ओळी टाका, मग पुढचं बोलू.